ह्यांच्याशी वाद घालणारी बाई

नवऱ्याचं दुसऱ्या बाईवर प्रेम बसलं तर काय करायचं हे आम्हा बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. रडायचं, बहिणीला फोन लावायचा, कपाटातले शर्ट बाहेर भिरकावायचे. पण नवरा दुसऱ्या बाईशी वाद घालायला लागला, तोही दर रविवारी सकाळी, आपल्याच जेवणाच्या टेबलाशी बसून, आपल्याच हातचा चहा पीत, तर काय करायचं? हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी जळले. आडपडदा कशाला ठेवू, नुसती धुमसत होते त्या सगळ्या दिवसांत.

आम्ही मूळचे सांगलीचे. ह्यांना हेब्बाळच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून म्हैसूरला आलो. कुवेंपुनगरात आधी भाड्यानं राहिलो, मग तिथंच घर बांधलं. मुलगी इथं लहानाची मोठी झाली, शिकली आणि नोकरीला म्हणून पुण्याला गेली ती तिथलीच झाली. माझी बहीणही पुण्यातच. ह्यांची निवृत्ती जवळ आली तशी मी मनाशी पक्कं केलं की आता बास झालं, हे घर विकायचं आणि पुण्याला जायचं. ह्यांना तसं सांगितलं. पेपरातनं डोकं वर न काढता हे म्हणाले, "तू म्हणशील तसं."

आमचा सगळा संसार ह्या वाक्यावर झाला. पडदे कुठल्या रंगाचे, मुलीला कुठली शाळा, दिवाळीला सांगली की इथंच, काहीही विचारा. माझी बहीण म्हणायची, "देवमाणूस आहे गं तुझा नवरा, माझ्याकडं बघ, साधी भाजी ठरवायची तर महाभारत." मी वरवर हसायची. आतून मला कधीकधी वाटायचं, एकदा तरी ह्यांनी म्हणावं, निळे पडदे काय लावतेस, डोकं फिरलंय का तुझं. पण नाही. देवमाणसाला देव्हाऱ्यात बसवता येतं, त्याच्याशी बोलणार काय?

तर ह्या देवमाणसाच्या कंपनीत एक बाई होत्या. नव्यानं भरती झालेल्या मुलांना शिकवायच्या विभागात. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही, घरी एकट्या. मराठी आपल्यासारखंच, उलट आपल्याहून गोड, कारण माहेर पनवेलकडचं. पण धर्मानं ज्यू. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बेने इस्राएल असतात ना, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, त्यांच्यातल्या. मी त्यांना मनातल्या मनात पनवेलच्या बाई म्हणायची. हे मात्र त्यांना नुसत्या नावानं हाक मारत, कंपनीत तशीच पद्धत म्हणे. मला ह्यांनी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. माझं सगळं 'अगं'वर भागलं.

त्या पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा डबाभर गव्हाच्या चिकाचा हलवा घेऊन आल्या. नारळाच्या दुधातला, गुलाबी, तोंडात टाकला की विरघळणारा. तोसुद्धा चांगला झाला होता, ह्याचाही मला राग आला. मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. त्यांना तालमूद वाचायचा होता. तालमूद म्हणजे त्यांच्या जुन्या पंडितांचे वाद, निवाडे आणि गोष्टी. त्यांच्या पनवेलच्या घरी तो कुणी वाचलेला नव्हता, घरात सण होते, उपास होते, शुक्रवारचा दिवा होता, पण हे ग्रंथ नव्हते. बहीण इस्राएलला गेली, तिनं तिकडं शिकून बाईंना गोडी लावली. आता अडचण अशी की तालमूद एकट्यानं वाचत नाहीत. जोडीनं वाचतात. समोर जोडीदार लागतो.

"एकटं वाचलं की आपलंच खरं वाटत राहतं, वहिनी," त्या म्हणाल्या. "हरकत घेणारं माणूस पाहिजे समोर. म्हैसुरात आमचं दुसरं कुणी नाही. मग म्हटलं, ह्यांना विचारावं."

"ह्यांना?" मी हसलेच. "अहो, हे कुणाच्या अध्यात ना मध्यात. हे कसली हरकत घेताहेत!"

पनवेलच्या बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "वहिनी, थट्टा करताय का? मीटिंगमध्ये ह्यांच्यासमोर उभं राहायला मुलं घाबरतात. एक मुद्दा सुटू देत नाहीत. मागच्या महिन्यात आमच्या मोठ्या साहेबांना तोंडावर सांगितलं, तुमचं साफ चुकतंय म्हणून."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे हलव्याच्या वडीकडं इतक्या एकाग्रतेनं बघत होते की जणू त्यांना ती पहिल्यांदाच दिसली. मी डब्याचं झाकण दाबून लावलं. म्हणजे ह्यांना भांडता येत होतं. येत होतं, आणि ते कंपनीत ठेवून, बस पकडून, रोज संध्याकाळी रिकाम्या हातानं माझ्याकडं येत होते.

शनिवारी त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी काम नाही, म्हणून रविवार ठरला. त्या आजच्या जगण्यातला एखादा प्रश्न काढायच्या आणि त्याच्याशी जुळणारं पान टॅबवर उघडून टेबलावर ठेवायच्या. पानाच्या मधोमध मूळ वाद, आणि भोवती चारी बाजूंनी नंतरच्या लोकांचे शेरे. एक म्हणतो असं, दुसरा म्हणतो तसं, तिसरा दोघांनाही खोटं पाडतो, आणि निकाल लागलाच पाहिजे असं काही नाही. हरलेल्याचं म्हणणंही पुसून टाकत नाहीत, जपून ठेवतात. दोघांनी एक नियमही करून घेतला होता. आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि ती इतकी नीट मांडायची की समोरचा म्हणाला पाहिजे, हो, हेच. तो तसं म्हणेपर्यंत आपली बाजू मांडायची नाही. त्या जुन्या पंडितांत दोन मोठ्या परंपरा होत्या, त्यातल्या एकीचं म्हणणं जास्त मानलं गेलं, का, तर ते लोक नेहमी आधी दुसऱ्यांचं म्हणणं सांगायचे. हे मला टेबलाजवळ उभं राहून कळलं. बसायला मला कुणी सांगितलं नव्हतं. तसं म्हणायला गेलं तर त्या म्हणाल्या होत्या, वहिनी, बसा ना. पण माझ्याच घरात मला बसा म्हणणाऱ्या त्या कोण?

मग कॅमेऱ्याचं प्रकरण झालं. आमच्या शेजाऱ्यांनी घराच्या मागच्या भिंतीवर कॅमेरा बसवला आणि त्याचं तोंड थेट आमच्या मागच्या अंगणावर. तिथं माझ्या कपड्यांची दोरी. मी ह्यांना पुन्हापुन्हा सांगितलं, जा आणि बोला, मला कन्नडमध्ये भांडता येत नाही. हे म्हणायचे, बघू, तू म्हणशील तसं. आणि बघायचं राहून जायचं. रविवारी पनवेलच्या बाई आल्या, मी चहा ठेवता ठेवता चार शब्द बोलले, तर त्यांचे डोळे चमकले. "अहो, ह्याच्यावर तर मोठा वाद आहे!" म्हणाल्या. अंगण सामायिक असलं तर मधे भिंत घालायला शेजाऱ्याला भाग पाडता येतं का? नुसतं बघितल्यानं कुणाचं नुकसान होतं का? एका पक्षाचं म्हणणं, बघणं म्हणजे काही हात लावणं नव्हे. दुसऱ्याचं म्हणणं, बघणं हेही नुकसानच, कारण माणूस मग स्वतःच्या अंगणात मोकळेपणानं वावरत नाही.

हे बसले शेजाऱ्याच्या बाजूनं. शेजाऱ्याच्या बाजूनं! गल्लीत मागं एकीची साखळी ओढली होती, त्या बिचाऱ्याची म्हातारी आई दिवसभर एकटी असते, कॅमेरा चोरासाठी आहे, बघणाऱ्याचा हेतू बघायला नको का, वगैरे वगैरे. आणि पनवेलच्या बाई माझ्या बाजूनं. मागं माझे परकर वाळत होते आणि पुढं त्यांच्यावरून दीड हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांची साक्ष निघत होती. मी ट्रे घेऊन दारात उभी. हे खुर्चीतनं अर्धे उठले, कानाच्या पाळ्या लाल, टेबलावर हात आपटून म्हणाले, "नाही! हेतूचा प्रश्न तुम्ही सोडूनच देताय!" आणि त्या शांतपणे हसून म्हणाल्या, "दोरीवर कपडे घालणारीला हेतू दिसणार का?" हे खो खो हसले. हरले म्हणून हसले. असे हसताना मी ह्यांना बघितलेलंच नव्हतं.

त्याच दुपारी हे चप्पल घालून शेजारी गेले आणि कन्नडमध्ये काय ते बोलून कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडं करून आले. माझं काम झालं. पण मी सांगितलं म्हणून नाही झालं, तिनं हरवलं म्हणून झालं. मी परकर दोरीवरनं ओढून काढले आणि ओलेच घडी करून ठेवले.

बहिणीला फोन केला. "अगं, नुसते वाद घालतात गं दोघं."

"मग बरं की," ती म्हणाली. "प्रेमाबिमात असते तर वाद घातले असते का? आमच्याकडं ये, रोज वाद आहेत, प्रेम औषधाला नाही."

"तुला नाही कळायचं," म्हणून मी फोन ठेवला. तिला खरंच नाही कळायचं. तिचा नवरा तिच्याशीच भांडतो.

शनिवारी संध्याकाळपासून हे वेगळेच असायचे. टॅब मांडीवर घेऊन पान चाळायचे, स्वतःशीच मान हलवायचे, मधेच "आता बघतो" म्हणायचे. रविवारी मी उठायच्या आत दाढी झालेली. इस्त्रीचा शर्ट. इस्त्री कुणी केलेली, तर मीच. मुलीशी फोनवर बोलताना म्हणाले, "रविवारची वाट बघतो बघ मी." मुलगी मला म्हणाली, "आई, बाबा किती खूश वाटतात!" मी म्हटलं, "हो, आहेतच. तुझ्या आईच्या चहाची कमाल." तिला टोमणा कळला नाही.

आणि माझं खरं भय निराळंच होतं. पुण्याचं. मी गिऱ्हाईक शोधायला लागले होते, हे नुसते 'तू म्हणशील तसं' म्हणत होते, पण म्हणताना आता खिडकीबाहेर बघायचे. मला वाटायला लागलं, ह्यांना जायचं नाही. का नाही, हे मला सांगणार नाहीत, पण तिला सांगितलं असेल. एका रविवारी मी स्वयंपाकघरातनं कान देऊन ऐकत होते. पण दोघं एका हरवलेल्या गाढवावरनं भांडत होते.

असं चाललेलं असताना तिकडं त्यांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. पनवेलच्या बाई काही महिन्यांसाठी इस्राएलला निघाल्या. मला इतका आनंद झाला की मी त्यांना वाटेत खायला दशम्या करून दिल्या. निरोप घेताना त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही बसा ह्यांच्यासमोर. जागा रिकामी ठेवू नका." ऐका! माझ्या घरात, माझ्या टेबलाशी, माझ्या नवऱ्यासमोरची जागा मला देऊन चालल्या होत्या. मी हसून "बघू" म्हटलं. आणि दार लावल्या लावल्या ठरवलं की बसायचंच. बसायचं, आणि अशी तयारी करून बसायचं की ह्यांना तिची आठवण येता कामा नये.

मी शाळेत पाठांतरात कायम पहिली. सांगलीला असताना शाळेत शिकवत होते, तयारी म्हणजे काय असते ते मला कुणी सांगायला नको. आठवडाभर टॅब घेऊन बसले. इंग्रजी भाषांतर, त्याखालचे शेरे, शेऱ्यांखालचे शेरे. अडलेला शब्द मोबाइलमध्ये बघायचा, मराठीत लिहून काढायचा. कूकरच्या शिट्ट्यांत पाठ केलं. रविवारी न्हाऊन, कलकत्ता साडी नेसून, साबुदाण्याची खिचडी करून मी ह्यांच्यासमोर बसले. हे जरा चकित झाले, पण बरं वाटल्यासारखे दिसले.

ह्यांनी पान वाचून आपलं मत मांडलं. मी म्हटलं, "अगदी बरोबर! पुढच्या पानावर त्या दुसऱ्या पंडितानं हेच म्हटलंय," आणि घडाघडा म्हणून दाखवलं. ह्यांनी दुसरा मुद्दा काढला. मी म्हटलं, "वा! ह्याला तर आणखी एक आधार आहे." तोही सांगितला. तिसऱ्याला आधार, चौथ्याला आधार. मला वाटलं होतं हे थक्क होतील. तर हे मुद्द्यागणिक सावकाश व्हायला लागले आणि शेवटी टॅब बाजूला सारून म्हणाले, "छान तयारी केलीस गं. आज एवढं पुरे."

"काय झालं?"

"कुठं काय? छान झालं की."

"त्या असत्या तर पुरे म्हणाला असता?"

विचारायला नको होतं. पण एकदा विचारलं, आणि ह्यांनीही उत्तर म्हणून एक गोष्ट सांगितली. दोन पंडित होते, जिवाभावाचे, आणि कायम वादात. त्यातला एक गेला. दुसरा दुःखानं खचला. लोकांनी त्याचं मन रमावं म्हणून एक हुशार विद्यार्थी त्याच्याकडं पाठवला. म्हातारा काहीही म्हणाला की विद्यार्थी म्हणायचा, ह्याला आधार आहे, तुमचं बरोबर आहे. म्हातारा कळवळून म्हणाला, माझं बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? माझा मित्र मी काही बोललो की दोन डझन हरकती काढायचा, मी दोन डझन उत्तरं द्यायचो, आणि त्यातनं गोष्ट उजेडात यायची. तू कुठं, तो कुठं! आणि अंगावरचे कपडे फाडत, मित्राला हाका मारत तो हिंडत राहिला, शेवटी त्याला वेड लागलं.

"अस्सं," मी म्हटलं. "म्हणजे मी तो हुशार विद्यार्थी."

"तसं नाही गं."

"आणि तुम्ही कपडे फाडत हिंडणार. हिंडा! इस्त्री तेवढी ह्यापुढं करणार नाही मी." मी खिचडीची ताटली ह्यांच्यासमोरनं उचलली. अर्धी खाऊन व्हायची होती. आठवडाभर मी कामापुरतं बोलले. हेही बोलले नाहीत, पण त्यात नवीन ते काय?

त्याच आठवड्यात घराला गिऱ्हाईक मिळालं. लष्कर मोहल्ल्यात मिक्सर दुरुस्तीचं दुकान असलेले एक गृहस्थ, जुन्या म्हैसूरच्या फौजेत पूर्वज असलेल्या मराठी घराण्यातले. घर फिरून बघितलं, नळ सोडून बघितले, आणि म्हणाले, "घर चेन्नागी हाय अम्मा, बरं बांदलंय. माज्या मिसेसला पन पसंत पडलं. आयतवारी अकराला येतो की, विसार देऊन पक्कं करू." मी हो म्हटलं. ह्यांना सांगितलं, रविवारी अकराला. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू म्हणशील तसं."

रविवारी सकाळी मी साधा सलवार-कमीज घातला, खिचडीबिचडी काही केली नाही, टॅब टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "बसा."

"आज कशाला? तो माणूस यायचाय."

"अकराला यायचाय. बसा."

मी पान काढलं होतं ते तालमूद नव्यानं शिकणारं मूलसुद्धा ज्यानं सुरुवात करतं ते. दोघांनी एक पांघरूण धरलंय. हा म्हणतो मला सापडलं, सगळं माझं. तो म्हणतो मला सापडलं, सगळं माझं. करायचं काय? मी वाचलं आणि टॅब पालथा घातला. "पांघरूण राहू दे. हे घर. मी म्हणते विकायचं आणि पुण्याला जायचं. तुमचं काय म्हणणं?"

"तू म्हण—"

"नाही! नियम काय आहे तुमचा? आधी समोरच्याची बाजू. मांडा माझी बाजू. बघू तरी, तिची मांडता तशी माझी मांडता येते का."

मला वाटलं हे उठून जातील. मग चष्मा काढून ठेवला आणि माझ्याकडं बघत बोलायला लागले.

"तुझं म्हणणं असं, की तू सांगलीला शाळेत कायम झाली होतीस आणि दोन वर्षांत सोडून आलीस. इथं कन्नड येत नाही म्हणून कुठल्या शाळेनं उभं केलं नाही. दुकानात तू बोट दाखवून भाजी घ्यायचीस, बाई असून मुकी, असं तो भाजीवाला म्हणाला आणि तुला तेवढं कन्नड कळलं. हळदीकुंकवाला ज्या बोलवायचीस त्यातली दरवर्षी एक कुणीतरी पुण्याला, मुंबईला परत जायची, तू निरोपाला डबे करून द्यायचीस. तुझी आई गेली तेव्हा आपण बसमध्ये होतो, बेळगाव यायचं होतं, फोन मी घेतला आणि सांगलीपर्यंत तुला सांगितलं नाही. तुझं म्हणणं, ह्यांच्या एका नोकरीसाठी मी माझं सगळं सोडलं. आता ह्यांनी एक घर सोडावं."

मग म्हणाले, "हेच?"

शेवटचं वाक्य मी कुणाजवळ, बहिणीजवळसुद्धा, बोलले नव्हते. "हो," मी म्हटलं. "हेच." आणि बघा माणसाचं मन कसं असतं, डोळ्यांतनं पाणी येत असतानाच मला वाटलं, हे असं मांडायला हे शिकले कुणाकडून? तिच्याकडून. इतकी वर्षं हे सगळं ह्यांच्यापाशी होतं, आणि ते बाहेर काढायची चावी तिच्या हातात.

"आता तू," हे म्हणाले. "माझी बाजू."

मी डोळे पुसले. म्हटलं त्यात काय अवघड आहे. "तुम्हाला इथली हवा मानवते."

"नाही."

"पुण्यात गर्दी फार."

"नाही."

"स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं घर आहे."

"तेही नाही."

माझं डोकं सटकलं. सगळे दिवस गिळलेलं एकदम बाहेर आलं. "मग ऐका. त्या इथं आहेत. त्या परत येणार आहेत. म्हणून तुम्हाला जायचं नाही. ही तुमची बाजू!"

बोलले, आणि थांबले. आता हे म्हणतील, काहीतरीच काय बोलतेस. मी त्याचीच वाट बघत होते. त्यासाठीच तर बोलले होते.

हे म्हणाले, "अर्धं."

"काय?"

"अर्धं बरोबर आहे."

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. अकरा. सवयीनं मी उठायला गेले, तर हे माझ्या आधी उठले आणि दार उघडलं.

"नमस्कार सर! बराबर टायमाला आलो की नाही? अम्मा हायत?"

"आहेत," हे म्हणाले. "पण आज नाही जमायचं. ह्या घरावरनं आमचं भांडण चाललंय, ते अजून संपलेलं नाही."

"अय्यो," तो गृहस्थ म्हणाला. "पर्वागिल्ला सर, चालतंय. निधानक्के, सावकाश भांडा की. मी मुंदिन वार येतो, पुढल्या आयतवारी." त्याच्या स्कूटरचा आवाज लांब गेला.

हे येऊन बसले. "अर्धं म्हणजे?" मी विचारलं.

"त्या इथं आहेत म्हणून, हे खरं आहे. बाई म्हणून नव्हे, तू विश्वास ठेव नाहीतर नको ठेवूस. मी काही बोललो की त्या मला चूक म्हणतात. म्हणून मग मला कळतं, मला नेमकं काय म्हणायचं होतं ते. पुण्यात मला चूक कोण म्हणणार? तुझी बहीण देवमाणूस म्हणेल, तुझ्या माहेरचे जावई म्हणून पाट देतील, आणि मी गॅलरीत बसून राहीन. मला भीती वाटते त्याची."

"मी नाही का म्हणत चूक? जन्मभर तुमच्याशी भांडतेय मी!"

"तू भांडत नाहीस," हे म्हणाले. "तू ठरवतेस."

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मी टेबलाची कड धरून बसले होते. "तुम्ही तोंडच उघडत नव्हता," मी म्हटलं. "मग ठरवायचं कुणी? सांगा ना. मुलीची फी भरायची शेवटची तारीख आली तरी तुम्ही 'तू म्हणशील तसं'. एकटीनं ठरवायची हौस होती का मला?"

बरोबर आहे तुझं, असं म्हणण्याइतकं सोपं ह्यांना दुसरं काही नव्हतं, आणि मी तेच ऐकायला मनानं तयार झाले होते.

"नाही," हे म्हणाले. "हे मला मान्य नाही." आणि त्यांचा आवाज चढला.

मी खुर्ची पुढं ओढली.